घोळाण्याची पानं परड्यातच पिकवा



भाकरीबरोबर घोळाणा ही आपल्या सातारा-सांगलीकडची जुनी चाल आहे. कोवळी मेथी खुडायची, कांद्याची पात बारीक चिरायची, वर शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट आणि तेलाची धार. चुलीवर काही चढवायचं नाही. रब्बीच्या दिवसांत रानात गेलेला माणूस बांधाकडेची पाथरी उपटतो, धुतो न धुतो, आणि मिठाबरोबर भाकरीवर ठेवतो. हरभऱ्याचे शेंडे खुडायला बसलं की निम्मे पाटीत आणि निम्मे तोंडात जातात. शहरातली मंडळी ज्याला हल्ली सॅलड म्हणतात ते आपल्या घरात आधीपासूनच आहे, नाव तेवढं निराळं.

मग हे पत्रक कशासाठी, असं तुम्ही विचाराल. घोळाणा खायची सवय राहिली, पण पान कुठून येतं ते बदललं. बागायत गावांत ऊस घराच्या भिंतीला येऊन टेकला. ज्यांच्या नावावर पाच-सहा एकर आहे त्यांच्या घरीसुद्धा मेथीची जुडी आठवडी बाजारातून येते. ती कोणत्या पाण्यावर वाढली, परवा तिच्यावर काय मारलं, हे पुष्कळदा विकणाऱ्या बाईलाही ठाऊक नसतं. शिजवायच्या भाजीला निदान अग्नी लागतो आणि त्यात जंतू, जंतांची अंडी मरून जातात. घोळाण्याला अग्नी नाही. पानावर जे असेल ते सरळ पोटात जातं. तेव्हा आमचं म्हणणं इतकंच आहे की शिजवायची भाजी हवी तर बाजारातून आणा, पण जे पान कच्चं खायचं ते आपल्या परड्यात, आपल्या नजरेखाली वाढलेलं असावं. त्याला जागा लागते दोन वाफ्यांची, म्हणजे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे दोन तुकडे. एवढी जागा न्हाणीच्या मागे, गोठ्याच्या कडेला किंवा विहिरीच्या धक्क्याजवळ बहुतेक घरांत निघते.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला आहे. पालेभाजीनं रक्त वाढतं असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पाल्यातलं लोह अंगी लागायला अवघड असतं. त्याच्या जोडीला लिंबू, कोथिंबीर, आवळा असं क जीवनसत्त्व असलेलं काही असेल तर ते चांगलं लागतं. आणि हे क जीवनसत्त्व शिजवताना बरंचसं नासतं, म्हणून जेवणात थोडं कच्चं पान हवं. घोळाण्यावर अर्धं लिंबू पिळा. जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घ्यायची सवय असेल तर ती तासभर पुढे ढकला, कारण चहा लोहाला अंगात शिरू देत नाही. एवढं करूनही ज्यांचं रक्त फारच कमी आहे त्यांनी गोळ्या घ्यायलाच पाहिजेत. दवाखान्यातली नर्सबाई लोहाच्या गोळ्या देते, त्या पानांच्या भरवशावर टाकून देऊ नका.

वाफा कसा करावा

जागा अशी निवडा की हिवाळ्यात तिथे निदान पाच-सहा तास ऊन येईल. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय टाकावा लागत नाही आणि माती घट्ट होत नाही. टिकावानं वीतभर खोल खणून ढेकळं फोडा, दगड-गोटे काढा, आणि प्रत्येक वाफ्याला दोन घमेली शेणखत मिसळा. शेणखत मात्र जुनं, पूर्ण कुजलेलं, चहाच्या भुकटीसारखं मोकळं झालेलं असावं. उकिरड्याच्या वरच्या थरातलं ओलं शेण कच्च्या खायच्या पानांना कधीही घालू नका. त्यातले जंतू जिवंत असतात आणि हुमणीही त्यातूनच येते. घरी गांडूळखत असेल तर फारच उत्तम.

पावसाळ्यात वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, त्याला गादीवाफा म्हणतात. पाणी साचलं की रोपाची मान कुजते आणि मेथी एका रात्रीत आडवी होते. हिवाळ्यात-उन्हाळ्यात उलट, वाफा सपाट ठेवून कडेनं बोटभर वरंबा करावा, म्हणजे घातलेलं पाणी वाहून जात नाही.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात काही ठिकाणी जमीन खारवलेली आहे, वर पांढरा फुफाटा दिसतो. तिथे मेथी-कोथिंबीर नीट उगवत नाही. पालक आणि चाकवत त्या मानानं खारट जमीन सोसतात. पण मेथीच हवी असेल तर फळ्यांची चौकट करून किंवा फुटक्या टोपल्या, जुन्या पाट्या यांत दुसरीकडची चांगली माती आणि खत भरून तीत पेरा. मेथीला सहा इंच माती पुरते.

बाजारच्या दिवशी पेरायचं

आता मुद्द्याची गोष्ट. परसबाग फसते ती किडीनं कमी आणि घाईनं जास्त फसते. माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं सगळ्या वाफ्यात एकाच दिवशी मेथी फोकली. महिन्यानं मेथी अशी आली की घरात सकाळी मेथी, संध्याकाळी मेथी, गल्लीत वाटली, पाहुण्यांना बांधून दिली, उरलेली फुलावर जाऊन कडू झाली ती म्हशीला घातली. आणि त्यानंतर पुढचा महिनाभर पुन्हा बाजारातून जुडी! घरातली मंडळी अजून त्यावरून चिडवतात.

त्यावर उपाय सोपा आहे. मेथीचा दहा फुटी वाफा काडी ओढून दोन-दोन फुटांच्या पाच पट्ट्यांत वाटा. गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस पेरणीचा ठरवा, तो विसरत नाही. पहिल्या बाजारी पहिली पट्टी पेरा, दुसऱ्या बाजारी दुसरी, असं पुढे. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत येते. म्हणजे पाचव्या बाजारी तुम्ही पाचवी पट्टी पेराल तेव्हा पहिली खुडायला तयार असेल. आठवडाभर ती खा, सहाव्या बाजारी तिथली माती खुरप्यानं हलवून, ओंजळ-दोन ओंजळ खत टाकून पुन्हा पेरा. फिरत्या रहाटासारखं हे चालू राहतं. एका पट्टीला मेथीचं बी दीड-दोन चहाचे चमचे पुरे. आदल्या रात्री भिजत घातलं तर चार दिवसांत वर येतं. बी टाकल्यावर हातानं माती चाळवून झाका, बोटाच्या पेराहून खोल जाऊ देऊ नका.

मेथीत 'पुसा अर्ली बंचिंग' हा वाण लवकर येतो. कसुरी मेथी वासाला सरस, पण वाढायला आळशी, आणि तिला थंडी लागते. घोळाण्याला आपली साधी मेथीच बरी.

दुसरा वाफा कोथिंबिरीचा. तिला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणून चार पट्ट्या करून एक बाजार सोडून पेरा. धने अख्खे पेरू नयेत. एका धन्यात दोन बिया असतात, चपलेनं किंवा लाटण्यानं हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी करा. डाळीचा भुगा होऊ देऊ नका. मग बारा तास भिजवून ओल्या फडक्यात बांधा आणि दुसऱ्या दिवशी पेरा. एका पट्टीला अर्धी मूठ धने लागतात. किराणा दुकानातले धने चालतात, पण ते जुने निघाले तर उगवत नाहीत. म्हणून आधी वीस-पंचवीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर धीर सोडून वाफा उकरू नका. हा सल्ला देतोय कारण उकरणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

कांद्याच्या पातीसाठी बी पेरायची गरज नाही. चाळीतले मोड आलेले, विकायला न चालणारे कांदे वाफ्याच्या कडेला ओळीनं लावा, नाक वर राहू द्या. तीन आठवड्यांत पात कापायला येते. लसणीच्या बारीक पाकळ्यांचंही तसंच, आणि लसणीची पात घोळाण्यात घातली तर दुसरं तिखट लागत नाही. पात मुळापासून न उपटता दोन बोटं वर कापली तर पुन्हा फुटते. मुळा, करडई यांचे चार-चार दाणे मेथीच्या पट्टीच्या कडेनं टोचून द्यावेत. मुळ्याची आणि करडईची कोवळी पानं, बोटाएवढी असतानाच, कच्ची छान लागतात. मोठी झाली की खरखरीत होतात, मग ती शिजवायची.

शेपू, आंबट चुका, पालक हे ज्यांना आवडतात त्यांनी उरलेल्या कोपऱ्यात लावावेत. पालकात 'ऑल ग्रीन' वाण चांगला चालतो. चुका आणि पालक विळ्यानं कापून पुन्हा दोन-तीनदा घेता येतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांनी मात्र पालक आणि चुका बेतानं खावा. अळू कोणीही कच्चं तोंडात घालू नये, घसा खवखवतो, हे पोरांना सांगून ठेवा.

मोरीचं पाणी कुणाला

परसबाग म्हटलं की सांडपाणी हे आपल्याकडे ठरलेलंच. न्हाणीच्या मोरीवर अळू, केळ, गवती चहा ही पद्धत पूर्वीपासूनची आहे आणि ती चांगली आहे. अळू शिजवतो, केळाला साल असते, गवती चहा उकळतो. शेवगा, कढीपत्ता यांनाही ते पाणी चालतं, कारण पानं उंचावर असतात आणि भाजी-फोडणीत जातात. परंतु मेथी, कोथिंबीर, पात, पुदिना या कच्च्या खायच्या पानांना मोरीचं पाणी घालू नये. लहान मुलांची दुपटी ज्या पाण्यात धुतली ते पाणी तर मुळीच नको. त्यातून जुलाब, विषमज्वर, कावीळ, जंत असे सगळे पाहुणे घरात येतात. फीतकृमीची अंडी अशाच घाण पाण्यानं, मैल्यानं पानावर येतात. ती पोटात गेली तर कधी कधी त्यांच्या गाठी मेंदूत होतात आणि धडधाकट माणसाला फीट येऊ लागते. ही भीती घालायला सांगत नाही. खेड्यात फीट आली की आधी भलतेच उपाय सुरू होतात, म्हणून माहीत असावं.

तेव्हा या दोन वाफ्यांना विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी द्या. नदीचं किंवा ओढ्याचं पाणी असेल तर वर गावाचं गटार मिळतं का ते बघा. पाणी फार लागत नाही. हिवाळ्यात एका वाफ्याला दिवसाला पंधरा ते वीस लिटर, म्हणजे घागर-दीड घागर, उन्हाळ्यात जवळजवळ दुप्पट. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या बायामाणसांना घागरीची किंमत आम्ही सांगायला नको. टेंभू, म्हैसाळ, ताकारी योजनांचं पाणी काही गावांना पोचलं, तरी परड्यातली घागर कुणीतरी उचलूनच आणावी लागते. अशा ठिकाणी एकच वाफा करा, त्यात निम्मी मेथी आणि निम्मी कोथिंबीर. भांडी विसळायच्या पहिल्या खरकट्या पाण्यापेक्षा तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी स्वच्छ असतं, ते वेगळं धरून वाफ्याला द्या. पाणी झारीनं किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यानं, सकाळी लवकर घालावं. संध्याकाळी पानं भिजवली तर रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. ओळींच्या मधे उसाचं पाचट बारीक तोडून पसरा, पाण्याची एक पाळी वाचते. पाचट जाळण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

पाणी घालायचा डबा कोणता, हेही बघा. तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही घासला तरी या कामाला घेऊ नये. उसातल्या २,४-डी या तणनाशकाचा नुसता अंश राहिला तरी कोवळी पानं वेडीवाकडी, पिळवटल्यासारखी होतात. आणि पानाला दिसतं तेवढंच नुकसान, खाणाऱ्याचं दिसत नाही.

फवाऱ्याचा वारा

तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठे महांकाळ या द्राक्षाच्या पट्ट्यातल्या मंडळींनी हा भाग नीट वाचावा. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढे केवडा आणि भुरीसाठी फवारणी सुरू होते, ढगाळ हवा असेल तर दिवसाआड. आणि नेमका तोच मेथी-कोथिंबिरीचा सगळ्यात चांगला हंगाम. बाग घराला लागून असली की ट्रॅक्टरच्या ब्लोअरचं तुषार वाऱ्याबरोबर वाफ्यावर येतं. द्राक्ष काढायला अजून तीन-चार महिने असतात, तोवर औषधाचा अंश उतरावा म्हणून प्रत्येक औषधाला काढणीपूर्वीचे दिवस ठरवून दिलेले आहेत. परदेशी माल पाठवणारे बागायतदार ते दिवस काटेकोर मोजतात, अंशाची तपासणी करून घेतात. आणि त्याच घरात, सकाळी ज्या कोथिंबिरीवर तुषार पडलं ती दुपारी आमटीवर! साहेबाच्या पोटाची जेवढी काळजी घेतो तेवढी आपल्या लेकरांच्या पोटाची घ्यायला काय हरकत आहे?

वाफा बागेपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्यावा, घराच्या दुसऱ्या अंगाला असेल तर भिंतीचा आडोसा मिळतो. फवारणीच्या दिवशी जुनी चादर किंवा खताची पोती उसवून वाफ्यावर अंथरा आणि वारा पडल्यावर काढा. ती चादर पुन्हा अंथरुणात घेऊ नका. शेजाऱ्याची बाग असेल तर फवारणी कोणत्या दिवशी आहे ते विचारून ठेवा. यात भांडण नाही, शेजारीही घोळाणा खातोच. एवढं करूनही तुषार पडलंच, तर ती पट्टी खाऊ नका, उपटून खतात टाका आणि पुढच्या बाजारी पुन्हा पेरा. चार चमचे बियाणं गेलं एवढंच. धुतल्यानं सगळं जातं असं नाही. काही औषधं पानाच्या आत शिरतात, ती पाण्यानं निघत नाहीत.

फवारणीचा पंप न्हाणीत किंवा हौदावर धुवू नका. ते पाणी मोरीवरच्या अळवाला जातं.

वाफ्यावरच मावा पडला, अळी आली, तर घरात पडलेली बाटली उचलून मारायचा मोह होतो. तो टाळा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ सालापासून बंदी आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. परड्यात एवढ्याशा तुकड्याला औषध लागतच नाही. माव्याचे शेंडे खुडून लांब पुरावेत. मेथी-पालकाच्या पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती नागअळी आहे, तेवढी पानं काढून जाळून टाका. फारच झालं तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून, एक लिटर पाणी करून त्यात चिमूटभर साबण घालून फवारा, आणि पुढचे चार-पाच दिवस तिथलं पान खुडू नका. ते कडूही लागतं. मेथी महिन्याचं पीक आहे. किडीशी लढण्यापेक्षा ती पट्टी मोडून दुसरी पेरणं स्वस्त पडतं.

खरा शत्रू म्हणजे कोंबडी. पेरलेल्या मातीवर तिचं प्रेम असतं. दहा मिनिटांत सगळा वाफा उकरते. बाभळीच्या फांद्या, जुनं मासेमारीचं जाळं, साडी, काही का होईना, पण कुंपण आधी आणि पेरणी नंतर. शेळ्यांसाठी कुंपण कमरेएवढं उंच हवं. शिवाय कोंबड्या-कुत्री वाफ्यात घाण करतात, आणि आपण ते पान कच्चं खाणार आहोत.

वासाची झाडं

पुदिना बियांनी लावत बसू नका. कुणाच्या तरी दारातून मुळ्या असलेली चार बोटांची कांडी आणा, ओलसर सावलीत आडवी पुरा. तो आठ दिवसांत धरतो आणि मग आवरत नाही. वाफ्यात घुसू नये म्हणून फुटक्या माठात लावावा. गवती चहाचं ठोंब दर दोन-तीन वर्षांनी खणून, फोडून नव्या जागी लावावं, नाहीतर मधून वाळत जातं. ओव्याच्या जाड पानांच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी लागतात, तिची भजी होतात. कढीपत्त्याला मात्र पहिली दोन-तीन वर्षं ओरबाडू नका, एक-एक पान खुडा. मुळाजवळ फुटणारी पिल्लं पावसाळ्यात मुळासकट काढून शेजारणीला द्या.

लेट्यूसचं काय?

मुंबई-पुण्याला असलेली मुलं गावी आली की लेट्यूस लावता येईल का विचारतात. येईल. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. महाबळेश्वरला इंग्रज आमदानीत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ साली बंद झाला. त्या कैद्यांनी तिथे बटाटा आणि इंग्रजी भाज्यांची लागवड वाढवली. आजही पाचगणी-महाबळेश्वरच्या डोंगरात लेट्यूससारखी पानं पिकून शहरात जातात. तिथली हवा थंड, म्हणून ते सोपं जातं. खाली कऱ्हाड-सांगलीकडे ते फक्त थंडीत जमेल.

दसरा-दिवाळीनंतर बी टाका. बी फार बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो, म्हणून मातीनं दाबून न टाकता वरून चिमटीनं बारीक खत भुरभुरा. ऊन तापलं की हे बी रुसतं, उगवतच नाही. तेव्हा ते ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाखालच्या गारव्यात दोन दिवस ठेवावं आणि मोड दिसू लागताच पेरावं. गड्डा धरणाऱ्या जातीपेक्षा सुट्या पानांची जात घ्या. दीड महिन्यात बाहेरची पानं खुडता येतात आणि आतून नवी येत राहतात. होळीच्या सुमारास उन्हानं दांडा वर येतो, पानात दूध भरतं आणि ते कडू होतं, तेव्हा उपटून टाका. बी महाग असतं. आमचं मत विचाराल तर हौस म्हणून एक कोपरा लावावा, पण चवीला शेंगदाण्याच्या कुटाबरोबर आपल्या मेथीपुढे ते फिकंच लागतं.

उन्हाळ्यात मेथीही मंदावते. कोथिंबिरीवर दुपारची सावली करा, जुनं लुगडं चार काठ्यांना बांधलं की झालं. त्या दिवसांत पुदिना, कांद्याची पात आणि घोळ ही पानं साथ देतात. घोळ तर आपण तण म्हणून खुरपून टाकतो. तिची जाड आंबूस पानं कच्चीही चांगली लागतात. पावसाळ्यात माठ, तांदुळजा, अंबाडी भरपूर येते, पण ते शिजवायचं. पाटण-जावळीकडच्या पावसात कच्च्या पानांचा नाद दोन महिने सोडून दिलेलाच बरा, चिखलाचे शिंतोडे पानावर उडतात.

खुडल्यानंतर

पानं सकाळी, ऊन व्हायच्या आत खुडावीत. घरच्या पानाचा फायदा हाच की ताट वाढायच्या आधी तासभर खुडली तरी चालतं. निवडून घमेल्यात भरपूर पाण्यात बुडवा, हलवा, माती तळाला बसू द्या, पानं वरून उचलून घ्या. पाणी सरळ ओतलं तर माती पुन्हा पानावर येते. असं तीनदा करा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली तर बारीक किडे सुटून वर येतात. जंतू मात्र मिठानं मरत नाहीत, म्हणून शेवटचं पाणी पिण्याचं असावं. बाजारातून आणलेली जुडी असेल तर ती घोळाण्याला न वापरता शिजवूनच खा. पोटुशी बाई, लहान मूल किंवा आजारातून उठलेलं माणूस घरात असेल तर धुण्यात आळस करू नका.

बी विकत आणताना पुडीवर औषध लावलेलं आहे का वाचा. लाल-गुलाबी रंगाचं बी खायचं नसतं, पेरल्यावर हात साबणानं धुवा. दर वर्षी विकत घ्यायची गरज नाही. थंडीतल्या शेवटच्या पट्टीतली चांगली, उशिरा फुलावर जाणारी आठ-दहा झाडं खुडू नका, वाळू द्या. मेथीच्या शेंगा आणि धने घरीच धरता येतात. ते सावलीत वाळवून, चुलीची राख मिसळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर महिना-वर्ष लिहा. दोन वर्षांपेक्षा जुनं बी वापरू नका. कांद्याचं बी तर वर्षातच मरतं.

वाफ्याबद्दल काही अडलं तर बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं, नाहीतर आम्हाला पोस्टकार्ड टाकावं. पत्रात जमीन काळी की मुरमाड, पाणी कुठलं, बी कोणत्या तारखेला टाकलं आणि जवळ कोणतं पीक आहे एवढं जरूर लिहा. रोग पडलेलं पान पाठवायचं असेल तर ते ओलं पाठवू नका, कागदाच्या घडीत दाबून वाळवून मगच पाकिटात घाला. ओलं पान आमच्यापर्यंत येईतो कुजून जातं आणि ओळखता येत नाही.